चेंडूला चीक नसतो

“निगडोळीच्या भिवाने मारला… जोर… जोरदा… खर्रर्र.”

एवढं बोलून अप्पांचा आवाज बसला. सायकलच्या चाकातली हवा जावी तसा हळूहळू नाही. पाटावर माणूस बसतो तसा, एकदम, मांडी घालून.

भोंग्यातून नुसती खरखर यायला लागली, तेव्हा लोकांना वाटलं मशीन बिघडलं. मलाही तेच वाटलं. मी बॅटरीच्या वायरी चाचपल्या, मशीनच्या डोक्यावर एक चापट दिली. आमचं मशीन चापटीला बरं ऐकायचं. पण या वेळी बिघाड मशीनच्या अलीकडे होता. अप्पांचं तोंड हलत होतं, मान हलत होती, हात तर चौकार दाखवून मोकळाही झाला होता. आवाज तेवढा नव्हता.

“काय झालं, अप्पा?”

अप्पांनी गळ्याकडे बोट केलं, मग बर्फाच्या गोळ्याच्या गाडीकडे, मग पुन्हा गळ्याकडे. सकाळपासून त्यांनी गोळे खाल्ले होते, आणि गोळ्यावर मीठ लावून कैऱ्या. आता घसा हिशेब मागत होता.

मांडवाच्या पुढच्या खुर्चीवर आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष नाना शिगवण बसले होते. मे महिन्यातही त्यांच्या हातात छत्री असायची, उन्हासाठी थोडी आणि माणसं ढोसायला जास्त.

“गणू, बोल की!” ते अप्पांवर ओरडले. “मॅच मुकी झाली!”

“अप्पांचा घसा बसलाय, नाना.”

“फायनलच्या दिवशी?” घसा जणू रजेचा अर्ज न देता गेला होता. नानांनी माईक ओढून घेतला. “हॅलो, हॅलो. हां. आता बॉल टाकलान… मारलान… हां… गेला… अरे धर की मेल्या! डोळे फुटले काय?” एवढं तीन वाड्यांत ऐकू गेल्यावर त्यांनी माईक गरम तव्यासारखा टेबलावर टाकला. “जमत नाय. बॉल बघायचा की बोलायचं?”

“मी बोलते,” मी म्हटलं.

“तू? पोरीच्या जातीने कॉमेंट्री?”

“भोंग्याला काय कळतंय, नाना.”

टेबलाच्या कडेला लाकडी पेटीवर बसलेला एक माणूस हे ऐकून हसला. रावजी खापरे. निगडोळीचा. पण तो मॅच बघायला आला नव्हता. तो आमचं मशीन विकत घ्यायला आला होता. त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत नारळ. आमच्याकडे जमीन असो, म्हैस असो की मशीन, नारळ हातात पडला की व्यवहार पक्का. अप्पांनी त्याला सांगितलं होतं, मॅच संपली की नारळ घेतो.

माझ्या मनात सकाळपासून त्या नारळाखेरीज काही नव्हतं.

पाष्टे साउंड सर्व्हिस म्हणजे एक मशीन, दोन भोंगे, एक माईक, बॅटऱ्या आणि मी. थोरला भाऊ मुंबईला मिलमध्ये गेला तो तिकडचाच झाला. भोंगे झाडावर बांधायचे, वायरी ओढायच्या, बॅटऱ्या डोक्यावरून न्यायच्या, हे सगळं मी करत होते. पण माईकवर अप्पाच. ज्याचा माईक त्याची जीभ, असा आमच्या धंद्याचा नियम. लग्न, शिमगा, पूजा, क्रिकेट, सगळीकडे अप्पाच बोलायचे. पण गेल्या दोन वर्षांत परगावची बोलावणी आटली होती. “जमाना बदलला,” असं अप्पा म्हणायचे. मला ते खरं वाटायचं. आपला धंदा बसला की जमान्यासारखा सोयीचा आरोपी दुसरा नाही.

“विकू नका,” मी महिनाभर म्हणत होते.

“तू किती दिवसांची? उद्या लग्न होऊन जाशील. मग भोंगे काय आंब्याला लटकत ठेवू?”

आता त्याच अप्पांनी माईक माझ्याकडे सरकवला. आवाज नसलेल्या माणसाला हुज्जतही घालता येत नाही, हा एक फायदा.

पुढचं सांगण्याआधी आमच्या मैदानावरचा आंबा सांगायला हवा. मैदानाच्या आत, गोलंदाजाच्या पाठीमागे, चुन्याच्या रेघेच्या चांगला अलीकडे, एक रायवळ आंबा होता. कुठल्याही शहाण्या गावाने तो तोडला असता. पण आंबा तीन चुलतभावांच्या सामाईकीत, आणि ते तिघे कोर्टात. डहाळी मोडली तरी तिघांच्या तीन नोटिसा येत. म्हणून आंबा राहिला आणि नियम वाकले. झाडाला लागून खाली येणारा चेंडू जमिनीला टेकायच्या आत धरला, तर फलंदाज बाद. चेंडू झाडातच अडकला, तर दोन धावा. आणि काढायला वर चढायचं नाही, नवा चेंडू घ्यायचा. परगावची पोरं पहिल्यांदा हसायची, मग त्यांनाही सवय व्हायची.

त्या दिवशी आंब्याला कैऱ्यांचे घोस होते. लहान, गोल, हिरव्या कैऱ्या. आणि चेंडू टेनिसचा, दोन दिवस गवतात लोळून तोही हिरवा झालेला.

आमची तांबडवाडी आधी खेळून झाली होती. आता निगडोळीची पाळी आणि भिवा खेळत होता. भिवा खाडीत होडी वल्हवणारा. बॅट त्याच्या हातात वल्ह्यासारखीच दिसायची.

मी माईक तोंडाशी धरला. अप्पांचे शब्द आठवून बघितले. अप्पांकडे शब्द दोनच होते. आमच्या पोराने मारला की ‘जोरदार फटका’. परगावच्याने मारला की ‘चेंडू बॅटला लागला’. आता भिवाच्या वेळी ते ‘जोरदार’ कसं म्हणायला गेले कोण जाणे. कदाचित त्याचाच ठसका लागला असेल. ते दोन शब्द माझ्या तोंडात काही बसेनात. चेंडू आला. भिवाने बॅट पुढे करून तो हलकेच खाली दाबला.

“थापला,” माझ्या तोंडून निघालं. “भाकरी थापतात तसा. जागच्या जागी. धाव नाही.”

बांधावर बसलेल्या बायका हसल्या. त्या जेवणं घेऊन आलेल्या आणि परत निघालेल्या बायका होत्या. त्यातल्या दोघी खाली बसल्या.

पुढचा चेंडू पायात आला.

“कांडला! बॅट मुसळासारखी सरळ खाली. चेंडू उखळाबाहेर उडालेल्या दाण्यासारखा बाजूला. धाव नाही, भिवाचा अंगठा मात्र थोडक्यात वाचला.”

“अगो, अंगठ्याचं पण सांगतंय!” बांधावरून कोणीतरी म्हणालं.

मग आमच्या गोलंदाजाने एक आखूड टाकला आणि भिवाने आडव्या बॅटीने तो असा हाणला की आवाज आधी आला आणि चेंडू मागून गेला.

“धोपटला! विहिरीवर गोधडी धोपटतात तसा. पाणी उडालं असतं, तर आपण सगळे भिजलो असतो. चार धावा.”

आता बांधावरच्या बायका उभ्याच राहिल्या. त्यांचं सगळं आयुष्य माईकवर आलं होतं. सकाळी भाकरी थापायची, दुपारी कपडे आपटायचे, कार्तिकात भात झोडायचं, माघात वाल बडवायचे, घरात नवी जमीन केली की चोपण्याने चोपायची, मिरच्या कुटायच्या, लसूण ठेचायची. मला क्रिकेट फारसं कळत नव्हतं. पण घाव कुठून येतो आणि कसा पडतो, हे आमच्याकडच्या कुठल्या पोरीला कळत नाही?

“ही टिचकी! कलिंगड पिकलंय का बघायला मारतात तेवढीच. पिकलेलं निघालं. एक धाव.”

“हा रपाटा. पण हवेत. चेंडू गेला विकेटकीपरकडे, रपाटा खाल्लान वाऱ्याने.”

वडापावच्या गाडीवरची माणसं वडापाव घेऊन इकडे आली. मुंबईहून सुटीला आलेले चाकरमानी पत्ते टाकून आले. नाना मात्र अस्वस्थ.

“अगो, निगडोळीचं कवतिक किती करशील? आपल्या बोलरचं पण काय तरी बोल!”

“मार खाणाऱ्याचं काय बोलू, नाना?”

माईक चालूच होता. सगळं मैदान हसलं. आमचा गोलंदाज हसला आणि नाइलाजाने नानाही. पुढच्याच चेंडूवर निगडोळीच्या दुसऱ्या फलंदाजाने डोळे मिटून बॅट फिरवली आणि मागच्या यष्ट्या आडव्या.

“भात झोडायला गेला आणि हातात पेंढा राहिला! त्रिफळा!”

तांबडवाडी नाचली. नाना खुर्चीवरून उठले, छत्री उघडली, मिटली, आणि अप्पांच्या खांद्यावर हात टाकला.

“गणू, मशीन विकू नको. पोरगी बोलतेय झकास. गणपती, शिमगा, जत्रा, सगळं काम मंडळ तुलाच देईल. माझा शब्द. गर्दी बघ की केवढी झालीय!”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी रावजीच्या पिशवीकडे. मग अप्पांनी रावजीला हाताने खूण केली: बघू, थांब. गावात शब्द फक्त दोघांचे चालत, देवाचा कौल आणि नानांचा. मला माईक हातात नाचवावासा वाटला. मशीन राहिलं! राहिलं म्हणजे काय, नानांची मर्जी टिकेल तेवढे दिवस राहिलं. पण त्या क्षणी एवढा बारीक हिशेब कोण करतो?

रावजी तंबाखू मळत म्हणाला, “हे शब्द आणतंस कुठून गो?”

“घरातून,” मी म्हटलं. “आमच्याकडे दिवसभर काय ना काय कुटायचंच असतं.”

“हं,” तो म्हणाला. नारळ त्याने पिशवीतून काढला नाही आणि पिशवी उचलून तो गेलाही नाही.

शेवटी खेळ शेवटच्या चेंडूवर आला. निगडोळीला दोन धावा हव्या होत्या. समोर भिवा. मांडवाच्या बाजूला बक्षिसाचा बोकड बांधला होता. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि ती तो स्वतःच खात होता. मैदानात एवढी शांतता की त्याचं चावणं ऐकू यावं.

आंब्याखाली सुदाम रेवाळे उभा होता. आमच्या वाडीतला. उंच, काटक, आणि हातात आलेली वस्तू न सोडणारा म्हणून मंडळाने त्याला झाडाखाली नेमलं होतं. झाडाखालचा माणूस म्हणजे आमच्या मैदानावरची मानाची जागा.

चेंडू पडला. भिवाने वल्हं उचललं.

“झोडला!” मी ओरडले. “खांद्यावरून घेऊन झोडला! वर… वर… आंब्यात!”

चेंडू पानांत खस्सकन शिरला. मग काहीच नाही. एक श्वास, दुसरा श्वास. आणि मग झाडातून एक हिरवी गोल गोष्ट सरळ खाली आली. सुदामने उडी घेतली. जमिनीला लागायच्या आधी दोन्ही हातांत. पडला, लोळला, आणि मूठ वर केली.

दूर उभे असलेले पंच म्हणजे तिसऱ्या गावचे पोस्टमन. त्यांनी बोट वर केलं. मग कोणाला काय दिसणार? सगळी तांबडवाडी मैदानात घुसली. सुदाम खांद्यांवर. हलगी सुरू.

“शेवंते!” नाना छत्री नाचवत ओरडले. “जाहीर कर! तांबडवाडी विजयी! बोकड आपला!”

मी माईक तोंडाशी नेला आणि थांबले.

लहानपणापासून मी आंबे झोडलेले आहेत. झाडात अडकलेला चेंडू खाली येतो तो फांदीफांदीला विचारत येतो. इथे आपटेल, तिथे अडखळेल, पानं वाजतील. कैरी देठातून सुटली की कोणाला विचारत नाही. सरळ येते. जे आलं ते सरळ आलं होतं. आणि आता सुदाम लोकांच्या खांद्यावर बसून काहीतरी ओरडत होता, हलगीत ते ऐकू येत नव्हतं, पण मूठ त्याने उघडली नव्हती. ती मूठ खिशात गेली. रिकामी बाहेर आली. मग तो हात पँटवर पुसायला लागला. एकदा, दोनदा, घासून घासून. मग त्याने मनगटाने गाल चोळला. तिथे लाल झालं होतं.

चीक. कैरीचा चीक पोळतो.

“अगो, बोल की!” नाना.

मी अप्पांकडे बघितलं. त्यांनाही दिसलं होतं. तेही लहानपणापासून आंबे झोडत आले होते, त्यांना न दिसून कसं चालेल? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. घट्ट नाही, नुसता ठेवला. त्या हातात गणपती, शिमगा, जत्रा, सगळं होतं. मशीन होतं. एक वाक्य बोलायचं, आणि तेही खोटं म्हणून नाही. पंचांनी बोट वर केलंच होतं. मी फक्त तेवढंच म्हणायचं होतं.

पण मी दुपारभर माईकवरून टिचकीला टिचकी म्हटलं होतं आणि रपाट्याला रपाटा. आता कैरीला चेंडू म्हणायला जीभ वळेना.

“थांबा,” मी म्हटलं. दोन्ही भोंग्यांतून. “हलगी थांबवा. सुदाम रेवाळ्याने धरलीय ती कैरी आहे. त्याच्या गालावर बघा. चेंडूला चीक नसतो.”

हलगी थांबली. अप्पांनी हात काढून घेतला.

मग एकच कल्ला. निगडोळीवाले मैदानात आले. तांबडवाडीवाले आधीच होते. “काय बोल्ली ही?” “भोंगा बंद करा तिचा!” “आपल्याच गावची पोर!” पोस्टमन शिट्टी वाजवत गर्दीत शिरले, त्यांनी वर बघून सुदामला फर्मावलं, “हात दाखव.” सुदामने खांद्यावरूनच हात खाली दिला. पोस्टमननी तो हुंगला.

“आंबट आहे.”

“अहो पण मी कधीचं सांगतोय, खाली उतरवा!” सुदाम वरून म्हणाला. “धरला तेव्हा मला बॉलच वाटला. पडलो तेव्हा नख रुतलं, तेव्हा कळलं. बोलणार तोवर तुम्ही उचललात. वरून ओरडतोय तर म्हणताय, हा सुदामचा विजय असो!”

त्याने खिशातून कैरी काढली. नख रुतलेली, ठेचकाळलेली. कोणीतरी फिसकन हसलं.

पण नाना हसणाऱ्यातले नव्हते. ते गर्दी फोडून आंब्याखाली आले आणि तिथून माझ्याकडे छत्री रोखली. “कैरी पण धरली असेल आणि बॉल पण! काय ठाऊक! बॉल अडकला म्हणतेस, तर दाखव कुठाय? निगडोळीत सोयरीक ठरलीय काय गो तुझी? आजपासून तुझा भोंगा या गावात वाजायचा नाय! मंडळाचं काम विसर!”

झालं. दुपारी मिळालेलं मशीन संध्याकाळच्या आत गेलं. रावजी खापरे पिशवी उचलून उभा राहिला.

“कुठाय बॉल?” नाना पुन्हा गरजले. “या झाडात बॉल हाय? या झाडात?” आणि त्यांनी रागारागाने लोंबत्या फांदीवर छत्रीचा एक सणसणीत रट्टा ओढला.

एक कैरी पडली. दुसरी पडली. मग वर पानांत काहीतरी हललं. एका फांदीवर आपटलं, दुसऱ्या फांदीवर अडखळलं, विचारत विचारत खाली आलं, आणि नानांच्या टोपीवर पडलं.

टप्.

माईक अजून माझ्या हातात होता. सवयच लागली होती एव्हाना.

“टपली,” मी म्हटलं.

आधी निगडोळी हसली की आधी तांबडवाडी, हे आजही ठरलेलं नाही. दोन्ही गावं एकत्र हसली, एवढं नक्की. सुदामला खांद्यावर घेतलेले हसता हसता खाली बसले आणि तो आयता उतरला. पोस्टमननी चेंडू उचलून सगळ्यांना दाखवला, दोन बोटं वर केली आणि सामना निगडोळीला दिला. नाना टोपी काढून आत बघत होते. कैरी पडली असती तर निदान लोणच्याला आली असती, असं काहीतरी पुटपुटलेही.

बोकड निगडोळीला गेला. जाताना त्याच्या गळ्यात माळ नव्हती, संपली होती.

मैदान रिकामं झालं. उन्हं उतरली. मी भोंगे खाली घेतले, वायरी गुंडाळल्या. कोणी हात लावायला आलं नाही. अप्पा मशीनवर फडकं घालून त्याच्याजवळ बसले होते, आजाऱ्याजवळ बसतात तसे. रावजी समोर उभा.

“गणूभाऊ, बोलायचं काय?”

अप्पांनी मान हलवली. म्हणजे घ्या. त्यांनी दोन्ही हात नारळासाठी पुढे केले. मी तोंड फिरवलं.

“मी मशीन घेत नाय,” रावजी म्हणाला.

अप्पांचे हात तसेच पसरलेले राहिले.

“राग मानू नका. मशीनबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती तुमच्या तोंडाची. आमच्या पोरांनी कितीही हाणला तरी तुमचं आपलं ‘चेंडू बॅटला लागला’. खाडीपलीकडच्या सगळ्या गावांचं हेच रडगाणं. म्हणून म्हटलं, मशीनच आणू, आपलं आपण बोलू.” त्याने तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली. “पण आता विचार केला, आमच्या मशीनवर बोलणार कोण? आमचाच कोणतरी. तो निगडोळीच्या कैरीला बॉलच म्हणणार. भांडणं होणार, ती वेगळी.”

त्याने पिशवीतून नारळ काढला, अप्पांचे पसरलेले हात ओलांडून माझ्यासमोर धरला.

“पुढच्या आठवड्यात आमच्याकडे सामने हायत. भोंगे घेऊन ये. हा नारळ मशीनचा नाय, जिभेचा.”

“आणि तुमच्या पोराने कैरी धरली तर?” मी विचारलं.

“तर सांगशील. नारळ देतोय कशासाठी?”

मी नारळ घेतला. जड होता. दोन्ही हातांनी धरला.

घरी जाताना मशीन अप्पांच्या डोक्यावर, भोंगे माझ्या खांद्यांवर. पाणंदीच्या वळणावर अप्पा थांबले. सबंध संध्याकाळ आवाज साठवला होता, तो त्यांनी एका वाक्याला लावला. तुटक, घोगरा, मडक्यात बोलल्यासारखा.

“मी… कॅच म्हटलं असतं.”

“ठाऊक आहे, अप्पा.”

“जमाना… नव्हता बदलला.”

मी पुढे चालू लागले. मागून बराच वेळ त्यांच्या चपला वाजत राहिल्या, मग त्या जवळ आल्या आणि माझ्या बरोबरीने चालू लागल्या.

नानांचा भोंगाबंदीचा हुकूम गणपतीपर्यंत टिकला. गणपतीत आरतीला मशीन लागलं तेव्हा ते स्वतः आले, आणि दारातून म्हणाले, “टोपीचं बोलू नको माईकवर, बाकी काय बोल.” पुढे खाडीच्या दोन्ही तीरांवर असा रिवाज पडला, की अटीतटीचा सामना असला तर दोन्ही कप्तान नाणं उडवायच्या आधी विचारत, माईकवर कोण? सुदामच्या त्या पँटवरचा डाग मात्र गेला नाही. कैरीच्या चिकाचा डाग जात नाही. मी लग्नानंतर कितीतरी वर्षं तो विहिरीवर धोपटून धोपटून बघितला.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर मी नारळ सोलला, शेंडी धरली आणि पायरीवर एकदाच हाणला. मधोमध, दोन सारखी भकलं. पाणी सांडलं नाही, वाटीत आलं. आई आतून म्हणाली, अगो, देवापुढे ठेव आधी.

अप्पा ओटीवर बसून बघत होते.

“कसा फोडला, सांगा,” मी म्हटलं. “माईकवर असता तर काय म्हटलं असतं?”

त्यांचं तोंड सवयीने ‘जो’ म्हणायला उघडलं. तसंच थांबलं. त्यांनी नारळाची दोन भकलं निरखली, पायरी निरखली, माझा हात बघितला. एवढा विचार करताना मी त्यांना कुठल्याच सामन्यात पाहिलं नव्हतं.

“बेताने,” ते म्हणाले.